जुन्या छायाचित्रांचे रंग आणि सैनिकाचा अर्धपुतळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धातील सैनिकांची काही छायाचित्रे रंगीत स्वरूपात प्रसिद्ध झाली आहेत. मूळची ही छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि त्यांत संगणकाने रंग भरले आहेत, हे एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रंगीत रूपांतर’ एवढ्या दोन शब्दांत उरकले आहे. ते रंग कशाच्या आधारे भरले, याविषयी मात्र एक अक्षरही नाही. सर्वसाधारण वाचकाला ही बाब क्षुल्लक वाटेल. सैनिकांचे छोटे अर्धपुतळे रंगवण्याचा छंद असलेल्या मला ती तशी वाटत नाही, कारण अशाच एका छायाचित्रावर विसंबून मी एकदा एका फ्रेंच सार्जंटच्या छातीवर भलत्याच पदकाची फीत रंगवून बसले होते. ते प्रकरण सांगितल्याखेरीज माझी विनंती नीट समजणार नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. साच्यात रेझिन (घट्ट होणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य) ओतून केलेले, डोक्यापासून छातीपर्यंतचे पुतळे मिळतात. हा छंद असलेली मंडळी त्यांना ‘बस्ट’च म्हणतात. त्यांतले बरेचसे माणसाच्या प्रत्यक्ष आकाराच्या एक दशांश किंवा त्याच्या आसपासच्या प्रमाणात असतात. पुतळा एकरंगी, हेल्मेट, पट्टे, पदके असे काही भाग सुटे. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन काढायचा, साच्याच्या जोडाची रेघ खरवडायची, बुडबुड्यांमुळे पडलेली भोके दोन घटक मळून केलेल्या एपॉक्सी पुटीने बुजवायची, मग ओल्या पॉलिश पेपरने घासायचे (ओल्याच, कारण रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट, मी मास्कही लावते) आणि शेवटी प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराचा, पातळ फवारा द्यायचा. या तयारीविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ती टाळली तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, एवढेच.

खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते पूर्ण उंचीचा छोटा शिपाई रंगवण्याहून वेगळे आहे. लहान आकृतीत चेहरा वाटाण्याएवढा असतो. तिथे भुवईखाली एक गडद रेघ ओढली की डोळा झाला. अर्धपुतळ्यात डोळ्याची फट तीन मिलिमीटरांची असते आणि बुबुळ सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे ते रंगवता येते आणि म्हणूनच चुकवताही येते. शिवाय इतक्या छोट्या वस्तूवर घडीची किंवा खाचेची सावली खऱ्या कोटावर पडते तितकी गडद पडत नाही. ती आपल्याला रंगाने घालावी लागते. प्रकाश कुठून येतो आहे हे आधी ठरवायचे आणि मग प्रत्येक सुरकुतीला, प्रत्येक बटणाला तो हिशेब लावायचा. ‘खेळणी रंगवता काय?’ असे विचारणाऱ्यांना मी काही उत्तर देत नाही; त्यांच्या हातात भिंग देते.

माझा सार्जंट 1916 च्या सुमाराचा, खंदकातला. डोक्यावर ॲड्रियन हेल्मेट (त्या वेळचे फ्रेंच सैन्याचे पोलादी शिरस्त्राण), अंगात जाड लोकरी ओव्हरकोट, खांद्यावरून तिरपा गेलेला कातडी पट्टा, खाली वळलेल्या भरघोस मिशा आणि छातीवर दोन पदके. कोटाचा रंग हा पहिला प्रश्न होता. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा फ्रेंच पायदळ गडद निळे कोट आणि लालभडक विजारी घालून लढायला निघाले होते. त्याच्या काही आठवडे आधी नव्या कापडाला मंजुरी मिळाली होती. निळे, पांढरे आणि लाल तंतू एकत्र कातून ते विणायचे होते. पण लाल तंतूंसाठी लागणारा कृत्रिम रंग जर्मनीतून येत असे, आणि आता गाठ जर्मनीशीच पडली होती. लाल वगळावा लागला. उरलेल्या पांढऱ्या आणि निळ्या तंतूंच्या मिश्रणातून जो फिकट, किंचित करडा निळा निघाला, तोच पुढे ‘क्षितिजाचा निळा’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि 1915 पासून बहुतेक पायदळाच्या अंगावर दिसू लागला.

ही हकिगत रंगवणाऱ्याच्या थेट उपयोगाची आहे. मी आधी तो कोट एकाच निळ्याने सपाट रंगवला, आणि तो प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसू लागला. कापडच जर अनेक छटांच्या तंतूंचे, तर रंगही तसाच हवा, हे लक्षात आल्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, गडद निळ्याचे, फिकट निळ्याचे आणि मळकट पांढऱ्याचे हजारो ठिपके देत गेले. खाचांत गडद ठिपके दाट, उंचवट्यांवर फिकट दाट. सावलीसाठी काळा मुळीच घेतला नाही, निळ्यातच थोडा तपकिरी मिसळला. उजेडासाठी शुद्ध पांढरा घेतला नाही, कारण त्याने लोकर खडूसारखी दिसते, त्याऐवजी किंचित पिवळसर घेतला. पट्ट्याखाली, जिथे कापड घासून गुळगुळीत झालेले असणार, तिथे ठिपके थांबवले. चार संध्याकाळी गेल्या आणि कोटाला लोकरीचा पोत आला. हेल्मेट त्या मानाने सोपे. सुरुवातीला त्यांना दिलेला रंग चकाकत असे आणि उन्हात शत्रूच्या नजरेत भरे, म्हणून 1916 पासून मंद रंग दिला जाऊ लागला. तेव्हा कडांवर थोडे पोचे आणि ओरखडे, पुढच्या बाजूला पायदळाचे ज्वालायुक्त हातगोळ्याचे चिन्ह, आणि वरून चकाकी घालवणारे व्हार्निश. बस.

चेहरा मी तैलरंगांत करते. ॲक्रिलिक मिनिटांत सुकतो, तैलरंग काही तास ओला राहतो, आणि गालावरची लाली कुठे संपते हे कळू नये असे वाटत असेल तर तो वेळ लागतोच. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तासभर ठेवायचा, म्हणजे जादा तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि कातडी घामट चमकत नाही. नाकाचा शेंडा, कान, गाल आणि खालचा ओठ यांना लालसर झाक, कपाळाला किंचित पिवळसर, आणि हनुवटीवर दोन दिवसांच्या दाढीची निळसर-करडी सावली. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतोच. तो पांढरा ठेवला की सार्जंटने भूत पाहिल्यासारखे वाटते. वरच्या पापणीने बुबुळाचा माथा झाकलेला असला पाहिजे, आणि दोन्ही बुबुळे किंचित एका बाजूला वळलेली असली की नजरेत जीव येतो. यासाठी लोक केसाएवढा बारीक ब्रश शोधतात. माझा अनुभव उलटा आहे: फार बारीक ब्रशवरचा रंग पुतळ्यापर्यंत पोचण्याआधीच सुकतो, त्यापेक्षा पोटात रंग धरणारा, पण टोक अणकुचीदार असलेला एक नंबरचा ब्रश बरा. डावा डोळा मला तिसऱ्या खेपेस साधला. पहिल्या दोन खेपांना चूक दिसताक्षणी ओल्या ब्रशने पुसून टाकला.

आता त्या फितीकडे येते. दोन पदकांपैकी एक मी लगेच ओळखले. एकमेकींवर तिरप्या तलवारी असलेला कांस्याचा क्रॉस, म्हणजे एप्रिल 1915 मध्ये सुरू झालेले क्रोआ द गेर हे फ्रेंच शौर्यपदक. त्याची फीत हिरवी, तिच्यावर बारीक लाल रेघा. दुसरे गोल होते. पुस्तक उघडण्याचा मला कंटाळा आला, हे कबूल करते. संगणकावर एका फ्रेंच सैनिकाचे तसेच गोल पदक लावलेले, सुरेख रंगीत छायाचित्र सापडले. त्यात फीत गडद किरमिजी होती आणि तिच्या कडा करड्या. मी ती तशीच उतरवली. चार मिलिमीटरांहून कमी रुंदीची फीत, तिच्यावर तीन छटा, कडांना सरळ रेघ. हात थरथरला नाही याचे मला फार कौतुक वाटले होते.

पुढे एका छोट्या प्रदर्शनात हा पुतळा मांडला असता एक वयस्क गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “ताई, पदक बरोबर आहे, पण फीत कोणाची लावलीत?” ते पदक मेदाय मिलितेर होते. 1852 मध्ये स्थापन झालेले, मुख्यतः शिपाई आणि कनिष्ठ हुद्द्यांच्या सैनिकांसाठीचे. वर शस्त्रांचा छोटा जुडगा, मध्ये निळ्या मिन्याचे कडे. त्याची फीत पिवळी असते आणि कडा हिरव्या. शिल्पकाराने शस्त्रांचा जुडगा आणि कडे दोन्ही चोख कोरले होते. म्हणजे माझ्यासमोर रेझिनमध्ये खरी साक्ष होती आणि मी पडद्यावरच्या रंगांवर विश्वास ठेवला.

पिवळ्याचा किरमिजी कसा झाला, हे मग मी शोधून काढले, आणि या पत्राचा गाभा तोच आहे. त्या काळी ज्यांवर छायाचित्र टिपत त्या काचा आणि फिल्म आपल्या डोळ्यासारखे पाहत नसत. मुळात त्या केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. 1873 मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवाही दाखवण्याची युक्ती शोधली. पण पुढे कित्येक वर्षे सर्रास वापरात असलेल्या काचांना लाल जवळजवळ दिसतच नसे. परिणाम असा की निळा फिकट उमटतो, लाल काळा पडतो, आणि पिवळा, जो डोळ्याला सगळ्यांत उजळ वाटतो, तो बराच गडद येतो. क्षितिजाचा निळा कोट अशा छायाचित्रात जवळपास पांढरा दिसू शकतो. निळे डोळे काचेच्या गोट्यांसारखे फिकट दिसतात. वाऱ्याने लालसर झालेले गाल काळवंडलेले आणि डागाळलेले दिसतात, आणि मला तर वाटते की पहिल्या महायुद्धातले सगळेच सैनिक चिखलाने माखलेले व भकास चेहऱ्याचे रंगवण्याची जी सवय आमच्यात पडली आहे, तिच्यात काही वाटा खंदकाचा असला तरी काही वाटा या फिल्मचाही आहे.

आता संगणकाचे पाहा. आपोआप रंग भरणाऱ्या प्रणालीला शिकवतात ते असे: आजची रंगीत छायाचित्रे घ्यायची, त्यांतला रंग काढून ती करडी करायची, आणि करड्यावरून मूळ रंग ओळखायला लावायचे. आजच्या छायाचित्रातला पिवळा करडा केला तर फिकट येतो आणि किरमिजी गडद येतो. प्रणाली तेच शिकते. मग तिच्यापुढे शंभर वर्षांपूर्वीची, मध्ये गडद आणि कडेला फिकट अशी फीत आली की तिने किरमिजी म्हणावे यात तिचा दोष नाही. तिला जुन्या काचेची भाषाच येत नाही, आणि येत नाही हे ती सांगतही नाही. चुकीचा रंग ती बरोबर रंगाइतक्याच आत्मविश्वासाने भरते. हाताने रंग भरणारा जाणकार निदान पदकांची पुस्तके उघडतो. मी उघडली नव्हती, म्हणून मला हे बोलण्याचा अधिकार थोडा कमीच आहे, तरी बोलते.

यावर कोणी म्हणेल की रंगामुळे ती माणसे जवळची वाटतात, कृष्णधवल छायाचित्रांतली माणसे परकी राहतात. हे मला मान्य आहे. माझ्या टेबलावरही नुसत्या करड्या प्रायमरमधला सार्जंट आणि गालावर लाली आलेला सार्जंट यांत हाच फरक असतो. ज्या संध्याकाळी डोळे पुरे होतात त्या संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून दिवा मालवायला जरा संकोच वाटतो. तेव्हा रंग देऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. फरक इतकाच की पुतळा पाहणाऱ्याला तो कोणीतरी रंगवला आहे हे माहीत असते. छायाचित्र पाहणारा ते कॅमेऱ्याने पाहिलेले समजतो.

शिवाय खऱ्या रंगातले पुरावे अगदीच नाहीत असेही नाही. ल्युमिएर बंधूंनी 1903 मध्ये पेटंट घेतलेली ऑटोक्रोम ही पद्धत 1907 पासून बाजारात होती. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरायचे व त्यांतून गाळून आलेला प्रकाश टिपायचा, अशी ही करामत होती. तिला प्रकाश फार लागे, म्हणून हलत्या माणसाचे चित्र घेता येत नसे. या काचांवर पॉल कास्तेल्नो आणि फेर्नां क्युव्हिल यांनी 1917 मध्ये फ्रेंच सैन्यासाठी आघाडीवरची आणि आघाडीमागची दृश्ये टिपली आहेत. त्यांतले कोट मी मुद्दाम भिंगाखाली पाहिले. एकाच तुकडीत एकाचा कोट आकाशासारखा, दुसऱ्याचा राखेसारखा, तिसऱ्याचा पाठीवर पिवळट पडलेला. ऑटोक्रोमच्याही रंगांत थोडी सरमिसळ होते, पण ती काच त्या दिवशी त्या माणसासमोर उभी तरी होती. पॅरिसच्या लेझॅन्व्हालिदमधील सैन्य संग्रहालयात प्रत्यक्ष गणवेशही जतन केलेले आहेत. या दोन साक्षींसमोर संगणकाच्या रंगांना कोणत्या रांगेत बसवायचे, हे आपल्यासारख्या जबाबदार वृत्तपत्राने वाचकाला सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

माझी विनंती म्हणून अशी आहे. रंग भरलेले जुने छायाचित्र छापताना मूळ कृष्णधवल छायाचित्र, लहान आकारात का होईना, शेजारी असावे. खालच्या ओळीत ‘रंगीत रूपांतर’ एवढेच न लिहिता, रंग आपोआप भरलेले आहेत की कोणी जाणकाराने गणवेश व पदके तपासून भरले आहेत, हे स्पष्ट लिहावे. आणि तपासलेले नसतील तर ते अंदाजाचे आहेत, असे सरळ म्हणावे. जागेची अडचण मी समजू शकते, पण दहा-बारा शब्दांना कॉलमची एखादीच ओळ लागते. आपल्या त्या पुरवणीतील तिसऱ्या छायाचित्रात उजवीकडून दुसऱ्या सैनिकाच्या छातीवर जे गोल पदक आहे, त्याच्या वर शस्त्रांचा जुडगा मला भिंगातून दिसतो आहे, आणि त्याची फीत किरमिजी छापलेली आहे.

माझ्या सार्जंटची फीत मी त्या प्रदर्शनानंतर आठवड्याभरात बदलली. जुना रंग टोकदार काडीने हळूहळू खरवडला, खालचा प्रायमर दिसल्यावर पुन्हा पांढरा दिला (पिवळा गडद पायावर नीट चढत नाही, ही पिवळ्याची जुनी खोड) आणि त्यावर पिवळ्याचे पाच पातळ थर, मग हिरव्या कडा. पण त्याआधी पुतळ्याची काढलेली छायाचित्रे मी मित्रमंडळींना पाठवून दिलेली होती. गेल्या महिन्यात छंदात नवीन आलेल्या एका मुलीने तिचा पहिला अर्धपुतळा मला दाखवायला आणला. पुतळा तोच, कोटाचे ठिपके माझ्याहून सफाईदार, आणि गोल पदकावर करड्या कडांची किरमिजी फीत. रंग कुठून घेतला असे विचारल्यावर तिने फोनवर माझेच छायाचित्र काढून दाखवले.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक